घोड्याच्या अंतरावर आजोबा

मित्रांनो, एक सोपा प्रश्न. तुमच्या घरापासून आजोबांचं घर किती लांब आहे?

कुणी म्हणेल, "आम्ही एकाच घरात राहतो." वा, नशीबवान आहात! कुणी म्हणेल, "रात्रीची एसटी पकडली की सकाळी गावी." कुणाचे आजोबा गावाकडे आणि नातवंडं पुण्या-मुंबईत, तर कुणाची नातवंडं थेट साता समुद्रापार. मग भेट व्हायची ती दिवाळीत नाहीतर मे महिन्याच्या सुट्टीत. एरवी फोनवर "जेवलास का रे?" आणि "अभ्यास करतेस ना गं?" एवढंच.

आता हाच प्रश्न अमेरिकेतल्या एका जिल्ह्यात जाऊन तिथल्या काही शेतकऱ्यांच्या मुलांना विचारा. बरीचशी मुलं नुसतं बोट दाखवतील. अंगणापलीकडे, किंवा मोठ्या घराच्या भिंतीला टेकून बांधलेलं एक धाकटं घर. "ते काय, आजोबांचं!" आणि मामाचं घर? "घोड्यानं अर्धा तास."

घोड्यानं? आणि तेही अमेरिकेत? हो हो, अमेरिकेतच! जिथल्या मोटारी आणि विमानं आपण सिनेमात पाहतो, त्याच देशात. चला तर, आज आपण तिकडेच फेरफटका मारू.

टापांचा आवाज येतोय

या जिल्ह्याचं नाव लँकेस्टर. अमेरिकेच्या पूर्वेकडे पेन्सिल्वेनिया नावाचं राज्य आहे. त्यातलं मोठं शहर म्हणजे फिलाडेल्फिया. तिथून पश्चिमेला सुमारे ११० किलोमीटर गेलं की लँकेस्टर येतं. आगगाडीनं तास-सव्वा तास लागतो. तुमचे काका किंवा मावशी न्यू जर्सीत राहत असतील, तर त्यांना विचारून पाहा. तिथून हा भाग काही फार लांब नाही.

गाडी शहराबाहेर पडली की खिडकीतून शेतं दिसायला लागतात. मका, लसूणघास, मध्येच तंबाखू. वैरण साठवायचे उंच गोल बुरूज. पांढरी घरं, मोठमोठे गोठे, आणि उंच दोरीवर ओळीनं वाळत घातलेले गडद निळे, जांभळे, हिरवे कपडे. नीट बघितलंत तर एक गोष्ट लक्षात येईल. काही घरांवर विजेची तार गेलेलीच नाही! आणि शेतात ट्रॅक्टरऐवजी खेचरांची जोडी, कधी चार-सहा खेचरं एका रांगेत, औत ओढताहेत.

मग रस्त्यावरून आवाज येतो. टप टप, टप टप. करड्या रंगाची, चौकोनी खोक्यासारखी एक घोडागाडी आपल्या बाजूनं जाते. हीच बग्गी. हाकणाऱ्या बाबांना दाढी आहे पण मिशी नाही, डोक्यावर गवती टोपी आहे. मागच्या बाजूनं दोन-तीन लहान चेहरे आपल्याकडे टकामका बघताहेत. आपल्याला त्यांची गंमत वाटते, त्यांना आपली!

इथल्या गावांची नावंही मजेशीर. एका गावाचं नाव 'बर्ड-इन-हँड', म्हणजे 'हातातला पक्षी'. फार पूर्वी इथल्या खानावळीच्या पाटीवरून ते पडलं म्हणतात. दुसऱ्याचं नाव 'पॅरडाइज', म्हणजे चक्क स्वर्ग.

या रस्त्यांना घोडे नवे नाहीत बरं का. फिलाडेल्फिया ते लँकेस्टर हा रस्ता १७९० च्या दशकात खडी घालून पक्का केला. टोल भरून जायचा हा अमेरिकेतला पहिलाच लांबलचक पक्का रस्ता. त्या काळात इथे कोनेस्टोगा नावाचे भले मोठे गाडे चालत. चार ते सहा घोडे पुढे, वर पांढऱ्या कापडाचं छत, आणि तळ होडीसारखा वाकवलेला. का? चढ-उतारावर आतला माल घसरू नये म्हणून! कोनेस्टोगा हे इथल्याच नदीचं नाव, आणि तो गाडाही इथलाच.

तेव्हा सगळी अमेरिकाच घोड्यांवर चालायची. १९१५ च्या सुमारास त्या देशात घोडे आणि खेचरं मिळून अडीच कोटींच्या आसपास होती. पण १९०८ साली हेन्री फोर्डच्या कारखान्यातून 'मॉडेल टी' ही स्वस्त मोटार बाहेर पडली आणि चित्र पालटलं. १९२७ पर्यंत तसल्या दीड कोटी गाड्या तयार झाल्या. घोडागाड्या गेल्या अडगळीत. आपल्याकडेही पुढे तेच झालं की! गावोगावच्या स्टेशनांबाहेरचे टांगे रिक्षांनी घालवले. मुंबईची व्हिक्टोरिया गाडी तर २०१५ साली उच्च न्यायालयानं बंद करायला सांगितली.

लँकेस्टरमधल्या काही शेतकऱ्यांनी मात्र मोटार बघितली, तिचा विचार केला आणि ठरवलं, "ही आपल्याला नको." शंभर वर्षं होऊन गेली, ते आपल्या शब्दाला जागून आहेत. या लोकांना म्हणतात आमिश.

आमिश, पण आमिष नव्हे

नावाच्या शेवटी 'श' आहे हं, शहामृगातला. आपल्या मराठीतलं 'आमिष', म्हणजे लालूच, ते वेगळं. उलट या माणसांना कसलं आमिष दाखवणं फार अवघड!

यांची गोष्ट सुरू होते युरोपात. १५२५ साली स्वित्झर्लंडमधल्या झुरिच शहरात काही ख्रिस्ती लोक म्हणाले, "तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा कशाला द्यायचा? त्याला काय कळतंय? माणूस मोठा होऊ दे, स्वतःच्या मनानं ठरवू दे." आज आपल्याला यात काही भयंकर वाटत नाही. पण त्या काळी राजांना आणि धर्माधिकाऱ्यांना ते बंड वाटलं. कित्येकांना तुरुंगात टाकलं, कित्येकांना ठार मारलं. पुढे १६९३ मध्ये याच लोकांतला एक गट याकोब आमान नावाच्या पुढाऱ्यामागे वेगळा झाला. आमानचे ते आमिश.

तिकडे अमेरिकेत विल्यम पेन यानं एक वसाहत वसवली होती, तीच ही पेन्सिल्वेनिया. तिथे कुणालाही आपापल्या धर्माप्रमाणे राहायची मोकळीक होती. १७३७ साली 'चार्मिंग नॅन्सी' नावाच्या जहाजातून काही आमिश कुटुंबं फिलाडेल्फियाच्या बंदरात उतरली. त्याच शतकात आणखी येत राहिली. युरोपात आता आमिश उरलेले नाहीत. अमेरिकेत मात्र १९०० साली ते पाच-सहा हजारांच्या घरात होते आणि २०२४ साली कॅनडातले धरून चार लाखांवर गेले. त्यातले चाळीस हजारांहून अधिक एकट्या लँकेस्टरच्या परिसरात.

घरात ते जर्मनची एक बोली बोलतात, प्रार्थना जुन्या जर्मनमध्ये करतात आणि शाळेत इंग्रजी शिकतात. म्हणजे तुमच्यासारख्याच तीन भाषा! आणि गंमत ऐका. त्यांच्या बोलीत 'दादी' म्हणजे आजोबा, आणि 'मॅमी' म्हणजे आजी. हिंदी बोलणाऱ्या मुलांचा तिथे केवढा घोटाळा होईल!

घोडा किती लांब जातो?

आता बग्गीकडे वळू. ती ओढणारा घोडा बहुतेक वेळा 'स्टँडर्डब्रेड' जातीचा असतो. ही शर्यतीची जात. पाठीवर स्वार नसलेल्या, मागे हलकी गाडी जोडलेल्या शर्यतीत हे घोडे दुडक्या चालीनं पळतात. तिथून बाहेर पडलेला घोडा आमिश शेतकरी विकत घेतो आणि त्याला रस्त्याच्या वर्दळीची सवय लावतो. शेतकामाला वेगळी जनावरं लागतात. तिथे खेचरं, नाहीतर बेल्जियन जातीचे धिप्पाड घोडे.

बग्गी अगदीच जुन्या पद्धतीची आहे असं समजू नका. तिला ब्रेक असतात, बॅटरीवरचे दिवे असतात, वळताना लुकलुकणारे इंडिकेटरसुद्धा असतात. मागे एक नारिंगी-लाल त्रिकोण लावलेला असतो. त्याचा अर्थ, 'ही गाडी सावकाश चालते, जपून या.' तो लागतोच. कारण अंधारात किंवा वळणावर भरधाव मोटारीनं बग्गीला धडक दिल्याचे अपघात होतात आणि त्यात माणसं दगावतात, घोडेही दगावतात. सावकाश जाण्याची ही किंमत त्यांना मोजावी लागते.

लँकेस्टरची बग्गी करडी. इतर बऱ्याच ठिकाणी ती काळी असते. पेन्सिल्वेनियाच्याच एका डोंगराळ खोऱ्यात एका गटाच्या बग्ग्यांचं छत पांढरं, तर दुसऱ्या गटाचं पिवळं! छतावरून माणूस कुठला ते कळतं. आपल्याकडे पागोट्यावरून कळायचं तसंच.

आता गणित करू या. बग्गीचा घोडा तासाला साधारण १३ ते १९ किलोमीटर जातो. जाऊन-येऊन तीस-पस्तीस किलोमीटर झाले की त्याला विसावा हवा. त्याला चारा हवा, पाणी हवं, नाल ठोकायला माणूस हवा. मग काय होतं? ज्यांच्याकडे नेहमी जायचं, ती माणसं घोड्याच्या टप्प्यातच राहायला हवीत. शाळा, दुकान, नालबंद, सुतार, मामा, आत्या, आजोबा, सगळे जवळ जवळ.

मोटार नाकारण्यामागचं खरं कारण इथे दडलंय, मित्रांनो. मोटारीत बसणं पाप आहे असं आमिश मानत नाहीत. लांब जायचं असलं, दवाखान्यात न्यायचं असलं, तर ते भाड्यानं मोटार करतात, बसमध्ये आणि आगगाडीतही बसतात. मात्र स्वतःच्या मालकीची मोटार घ्यायची नाही आणि चालवायची नाही. त्यांचं म्हणणं असं, की दारात मोटार उभी राहिली की जो तो आपापल्या वाटेनं जाईल. आज बाजाराला, उद्या शहरात नोकरीला, परवा दुसऱ्या राज्यात. शेजारी शेजाऱ्याला विचारणार नाही. घर पांगेल.

लँकेस्टरमध्ये सायकलचंही तसंच. मुलं सायकलऐवजी पायानं ढकलायची स्कूटर चालवतात. शाळेला जायला ती पुरते, आणि फार लांब पळून जाता येत नाही!

दादी हाउस

आता आपण त्या धाकट्या घरापाशी येऊ. त्याला 'दादी हाउस' म्हणतात, म्हणजे आजोबांचं घर.

समजा, एका शेतकऱ्याला सात मुलं आहेत. (आमिश घरात एवढी मुलं असणं नेहमीचंच.) मोठी मुलं एकेक करून लग्न करून आपापल्या संसाराला लागतात. धाकट्याच्या लग्नापर्यंत बाप पन्नाशी-साठीला आलेला असतो. मग बऱ्याचदा धाकट्या मुलाच्या हाती शेत आणि मोठं घर सोपवलं जातं, आणि आई-वडील शेजारच्या दादी हाउसमध्ये राहायला जातात. कधी कधी आजोबांचेही वडील असतात. मग घराला आणखी एक घर जोडायचं! एकाला एक लागून तीन घरं, आणि त्यांत चार पिढ्या.

चूल वेगळी, पण अंगण एक. कारभार सोपवला म्हणून आजोबा रिकामे बसत नाहीत. पहाटे दूध काढायची वेळ होते, दिवस उजाडायच्या आत. आजोबा गोठ्यात हजर. कापणीच्या दिवसांत ते खेचरं हाकतात, पावसाळी दिवशी लगाम-पट्टे शिवतात, खुर्ची दुरुस्त करतात. आजीची गोधडी चौकटीवर ताणलेली असते. आपल्या आजीच्या गोधडीसारखीच कापडाच्या तुकड्यांची, नक्षी मात्र निराळी. तिच्याभोवती बायका बसल्या की टाके आणि गप्पा बरोबरच चालतात.

मुलांनाही कामं असतात. वासरांना दूध पाजायचं, अंडी गोळा करायची, भाजीच्या वाफ्यातलं तण काढायचं. चुकलं तर सांगायला आजोबा आहेतच. आणि काम संपलं की हसायलाही!

एखाद्याचा गोठा जळाला किंवा वादळात पडला, तर पंचक्रोशीतले शेकडो पुरुष हातोडे घेऊन जमतात. सकाळी नुसता पाया असतो आणि संध्याकाळपर्यंत लाकडाचा प्रचंड सांगाडा उभा! बायका सगळ्यांचं जेवण रांधतात. मजुरीचा एक पैसा नाही. आपल्याकडे इर्जिक असायची, आठवतं? तुम्हाला नसेल आठवत, पण तुमच्या गावाकडच्या आजोबांना नक्की आठवेल. सगळ्यांनी मिळून एकाचं शेत नांगरायचं आणि त्यानं जेवू घालायचं. ही तिकडची इर्जिकच म्हणा ना.

दर एक रविवार आड प्रार्थना असते, पण त्यासाठी देऊळ किंवा चर्चची इमारत नाही. प्रार्थना आळीपाळीनं एकेकाच्या घरी. पंचवीस-तीस कुटुंबांचा एक गट. बसायची बाकं एका गाडीत भरून या घरून त्या घरी जातात. म्हणजे वर्षाकाठी एकदा तरी सगळं गाव आपल्या घरी येतं! त्यामुळे घरं अशी बांधतात, की दारं आणि पडद्या सरकवल्या की दीड-दोनशे माणसं बसावीत.

आणि लग्नं? ती पिकं निघाल्यावर, मुख्यतः नोव्हेंबरात, मंगळवारी आणि गुरुवारी. लग्नाच्या जेवणात सेलरी नावाची भाजी हवीच. त्यामुळे एखाद्याच्या परसात यंदा सेलरी फार लावलीय असं दिसलं, की शेजारीपाजारी गालात हसतात. "काय, यंदा बार उडणार वाटतं!"

तीन घोड्यांची गोष्ट

हे सगळं ऐकून तुम्हाला वाटेल, किती छान, किती शांत! पण असं राहणं सोपं नव्हतं. आजोबांना घरीच सांभाळायचं, या एका गोष्टीपायी या लोकांना सरकारशी झगडावं लागलं.

अमेरिकेत 'सोशल सिक्युरिटी' नावाची योजना आहे. काम करणाऱ्यांनी दर वर्षी पैसे भरायचे आणि म्हातारपणी सरकारनं त्यांना पैसे द्यायचे. १९५० च्या दशकाच्या मध्याला ही योजना शेतकऱ्यांनाही लागू झाली. आमिश म्हणाले, "आम्ही बाकीचे कर भरतो, पुढेही भरू. पण ही योजना आम्हाला नको. आमच्या म्हाताऱ्यांना सांभाळणं हे आमचं काम. ते आम्ही सरकारवर टाकणार नाही. आम्ही पैसे भरणार नाही आणि म्हातारपणी मागणारही नाही."

सरकारी खात्याला ते पटेना. १९६१ सालच्या वसंतात, नांगरणीच्या ऐन दिवसांत, पश्चिम पेन्सिल्वेनियातल्या एका आमिश शेतकऱ्याच्या शेतात अधिकारी आले. तो घोडे जुंपून नांगरत होता. अधिकाऱ्यांनी थकबाकीपोटी त्याचे तीन घोडे सोडवून नेले आणि लिलावात विकले! विचार करा, ऐन पेरणीच्या तोंडावर कुणी तुमच्या आजोबांचे बैल सोडून नेले तर?

त्यानं दंगा केला नाही, हात उगारला नाही. आमिश लोक हाणामारी करत नाहीत, आणि कोर्टकचेरीही टाळतात. पण बातमी देशभरच्या वर्तमानपत्रांत छापून आली. ज्यांनी कधी आमिश माणूस पाहिलाही नव्हता, तेसुद्धा हळहळले. आमिश मंडळी राजधानी वॉशिंग्टनला जाऊन आपलं म्हणणं मांडत राहिली. शेवटी १९६५ साली कायदा बदलला. स्वतःचा धंदा करणाऱ्या आमिशांना त्या योजनेतून सूट मिळाली. त्या धाकट्या घराचा शब्द सरकारनंही मानला.

मुलांना कुणी विचारलं का?

दुसरा झगडा शाळेचा. आमिश मुलं आठवीपर्यंतच शिकतात. शाळा एकाच खोलीची. पहिलीपासून आठवीपर्यंतची पंचवीस-तीस मुलं आणि एकच बाई, ती स्वतःही बहुधा आठवी शिकलेली. मोठी मुलं लहानांना शिकवतात. मधल्या सुट्टीत बॅट-बॉल. आठवीनंतर शेत, गोठा, सुतारकाम, स्वयंपाक हीच शाळा.

पण अनेक राज्यांत सोळाव्या वर्षापर्यंत शाळेत जाण्याचा कायदा होता. नोव्हेंबर १९६५ मध्ये आयोवा राज्यात अधिकारी बस घेऊन आमिश मुलांना मोठ्या शाळेत न्यायला आले. मुलं घाबरली, आणि शेजारच्या मक्याच्या शेताकडे धूम पळाली! पळणाऱ्या त्या मुलांचा फोटो खूप गाजला. पुढे विस्कॉन्सिन राज्यात तीन बापांना मुलं शाळेत पाठवली नाहीत म्हणून पाच-पाच डॉलर दंड झाला. ते प्रकरण चढत चढत थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९७२ मध्ये निकाल लागला तो बापांच्या बाजूनं.

मात्र विल्यम डग्लस नावाच्या एका न्यायमूर्तींनी वेगळं मत नोंदवलं. त्यांचं म्हणणं होतं, की आई-वडिलांचं ऐकलंत, पण त्या मुलांना काय हवंय ते विचारलंत का? कुणाला अंतराळवीर व्हायचं असेल, कुणाला पियानो वाजवायचा असेल, तर?

तुम्हाला काय वाटतं? वर्गात यावर चर्चा करून बघा. आमिश म्हणतात, आमच्यात बाप्तिस्मा सतराव्या-अठराव्या वर्षानंतरच, आणि तो घ्यायचा की नाही हे ज्याचं त्यानं ठरवायचं. दहापैकी आठ-नऊ जण राहायचंच ठरवतात. पण आठवीपर्यंतच शिकलेल्या मुलाला बाहेर पडायचंच असेल, तर वाट किती अवघड, हेही खरंच. घोड्याच्या अंतरात आजोबा येतात, पण कॉलेज येत नाही.

दाराबाहेरचा फोन

आमिश लोक प्रत्येक यंत्राला नकार देतात असं नाही. ते यंत्राला दाराबाहेर उभं करतात आणि विचारतात, "तू आत आलास तर आमच्या घराचं काय होईल?"

टेलिफोनचंच बघा. घरात फोन नको, कारण मग माणसं भेटायला येणार नाहीत, नुसती बोलतील. पण डॉक्टरांना बोलवायचं तर फोन हवाच. मग तोडगा काय? शेताच्या कडेला एक लहानशी खोपटी, तीत फोन. दोन-चार घरांत मिळून एक.

विजेचंही तसंच. बाहेरच्या तारांतून येणारी वीज घरात नको. पण दूध थंड राखलं नाही तर डेअरी घेणार नाही. मग गोठ्याशेजारी डिझेल इंजिन बसवतात. सुतारशाळेतली यंत्रं दाबलेल्या हवेवर चालवतात. काही शेतांत गवत बांधायच्या यंत्रावर इंजिन असतं आणि ते यंत्र ओढायला पुढे मात्र खेचरं! बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटतं. त्यांच्या दृष्टीनं हिशेब सरळ आहे. काम होऊ दे, पण घर पांगू नये.

आता नवी अडचण आली आहे, ती जमिनीची. घरटी सहा-सात मुलं, आणि लोकसंख्या साधारण वीस वर्षांत दुप्पट होते. जमीन काही वाढत नाही. शहर जवळ सरकतंय, एकरी भाव गगनाला भिडलेत. लँकेस्टरमधली निम्म्याहून जास्त आमिश कुटुंबं आता शेतीवर पोट भरत नाहीत. कुणी फर्निचर बनवतं, कुणी घरं बांधतं, कुणी बग्ग्या. बरीच तरुण कुटुंबं जमीन शोधत केंटकी, न्यूयॉर्क, विस्कॉन्सिन अशा राज्यांत गेली आहेत. आणि तिथून आजोबांचं घर? ते आता घोड्याच्या अंतरात नाही. जी ताटातूट मोटारीनं होईल म्हणून मोटार टाळली, ती जमिनीपायी काहींच्या नशिबी आलीच. मग नव्या गावी ते पहिल्यापासून सुरुवात करतात. आधी गोठा, मग घर, आणि काही वर्षांनी त्याला टेकून एक धाकटं घर.

जायचं असेल तर

तुम्ही कधी लँकेस्टरला गेलात, तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. आमिश माणसांचे फोटो काढू नका. चेहऱ्याचं चित्र काढून घेणं त्यांच्या धर्मात बसत नाही. त्यांच्या मुलींच्या कापडी बाहुल्यांनाही बऱ्याचदा नाक-डोळे नसतात. आणि मोटारीचा कर्णा वाजवून घोडा बुजवू नका. हात हलवा, ते हसून हात हलवतील.

पण तोपर्यंत एक काम इथल्या इथे करता येईल. या सुट्टीत एक वही घ्या आणि आजी-आजोबांपाशी बसा. तुमच्या गावाहून बाजाराला बैलगाडीनं किती वेळ लागायचा? बैलांची नावं काय होती? गाडीच्या चाकाला वंगण कोण घालायचं, धाव कोण चढवून द्यायचं? आत्याला माहेरी आणायला कोण जायचं, वाटेत मुक्काम कुठे पडायचा? गावात पहिली एसटी आली तेव्हा काय झालं, आणि पहिला माणूस शहराला गेला तो कोण?

उत्तरं लिहून घ्या. एखादा नकाशाही काढा. मध्ये आजोबांचं घर आणि भोवती बैलगाडीच्या एका दिवसाचा गोल. त्या गोलात तेव्हा कोण कोण राहायचं ते भरा. मग दुसऱ्या रंगानं, ती सगळी घरं आज कुठे आहेत ते दाखवा. नकाशाला कागद पुरला नाही, तर दुसरा कागद जोडा.